पुट्टी, काळी माती आणि बारदान



गेल्या पंधरवड्यात आमच्या वस्तीतील एक गवंडीकाम करणारे गृहस्थ रात्री जेवणाच्या वेळेस दारात येऊन उभे राहिले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला जाड पुठ्ठा. म्हणाले, "साहेब, पोरीनं कामावरची उरलेली पुट्टी ह्याच्यावर थापलीया. वरनं बारदानाचा तुकडा डकवलाय, शेंगांची फोलपटं लावल्यात. आन् म्हणतीया, हे चित्र हाय. शाळेतल्या सरांनी मागच्या बाजूला लाल पेनानं लिवलंय, 'हे चित्र नव्हे.' आता तुमीच सांगा, ह्याला म्हणायचं तरी काय? दहावीचं वरीस हाय पोरीचं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. मुलगी वेळ वाया घालवते की काय ही एक काळजी, आणि मुलीला जे येते ते आपल्याला कळत नाही ही दुसरी. मला वाटते, ही दुसरी काळजी आपल्या बऱ्याच घरांत आहे, म्हणून आजचे सदर तिच्यासाठी.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ह्याला मिश्र माध्यमातील चित्र म्हणतात. एकाच चित्रात रंग, कागद, कापड, माती, दोरा, लाकडाचा भुसा अशा निरनिराळ्या वस्तू एकत्र येतात ते मिश्र माध्यम. आणि चित्राचा पृष्ठभाग गुळगुळीत न ठेवता तो खरबरीत, उंचसखल, ओरखड्यांचा करणे म्हणजे पोत. इंग्रजीत टेक्श्चर म्हणतात. शहरातल्या नव्या फ्लॅटमध्ये एका भिंतीला रोलरने 'टेक्श्चर' करून घेतात, ते काम करणारे पेंटर आपल्याच वस्त्यांतून सकाळी सायकलीला डबा लावून निघतात. पण त्यांच्या घरात कोणी पोत ह्या शब्दावर बोलत नाही.

खरे तर पोत ही गोष्ट आपल्या आयाबहिणींना शिकवायला नको. शेणाने जमीन सारवताना बोटांच्या अर्धगोल रेघा ओळीने उमटत जातात. कोठे हात जड पडला, कोठे शेणकाला पातळ झाला, हे वाळल्यावर दिसते. गवंड्याला पहिला गिलावा मुद्दाम खरबरीत ठेवावा लागतो, नाहीतर दुसरा त्याला धरत नाही. हे ज्ञान आहे. पण ते हातात असल्यामुळे आणि ते हात आपले असल्यामुळे, त्याला ज्ञान म्हणायची पद्धत ह्या देशात पडली नाही. एवढे बोलून मी पुढे जातो.

आता त्या मास्तरांविषयी. त्यांच्यावर मला रागावायचे नाही. शासकीय रेखाकला परीक्षांची, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची, तयारी त्यांना करून घ्यायची असते. त्यात वस्तुचित्र असते, स्मरणचित्र असते, संकल्पचित्र असते, भूमिती आणि अक्षरलेखन असते. तांब्या तांब्यासारखा दिसला पाहिजे, आणि ते शिकलेच पाहिजे. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात, तेव्हा पालकांनी ह्या परीक्षा मुळीच चुकवू देऊ नयेत. माझा वाद एवढाच आहे की, "हे परीक्षेचे चित्र नव्हे" आणि "हे चित्र नव्हे" ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले लिहिले असते तर मुलगी रडली नसती.

जगाच्या इतिहासात हा प्रश्न कधीच निकालात निघालेला आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज ब्राक नावाचा चित्रकार होऊन गेला. जन्म 1882. त्याचा बाप आणि आजा घरे रंगवण्याचा धंदा करीत, आणि तोही तरुणपणी तेच काम शिकला. साध्या पाट्यांवर सागवानासारख्या रेषा काढायला रंगारी एक दात्यांचा फणा ओल्या रंगावरून ओढतात. आपल्याकडेही जुन्या दारांवर असे काम पाहायला मिळते. ब्राकने तो फणा थेट आपल्या चित्रात आणला. रंगात वाळू मिसळली. 1912 मध्ये त्याने लाकडाची नक्कल छापलेला भिंतीचा कागद दुकानातून आणला, कापला आणि चित्रात चिकटवला. त्याचा मित्र पिकासो, त्यानेही त्याच वर्षी वेताच्या जाळीची छपाई असलेले मेणकापड चित्रात चिकटवून भोवती दोरखंडाची चौकट केली. ह्या दोन माणसांनी विसाव्या शतकाच्या चित्रकलेचे तोंड फिरवले असे जाणकार मानतात. त्यातल्या एकाची हत्यारे रंगाऱ्याच्या पिशवीतली होती हे पुस्तकात एका ओळीत येते, आपण ते दोनदा वाचावे.

बारदानाचे म्हणाल तर इटलीचा आल्बेर्तो बुर्री हा पेशाने डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात पकडला गेला आणि अमेरिकेत टेक्सास प्रांतातल्या युद्धकैद्यांच्या छावणीत राहिला. तिथे तो चित्रे काढू लागला, आणि हाताशी होते ते गोणपाट. पुढे 1950 नंतर त्याने फाटकी, ठिगळ लावलेली, शिवलेली पोती ताणून चित्रे केली. ती आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. आमच्या सांगलीत हळदीच्या आणि गुळाच्या पेठेत बारदानाला तोटा नाही. तेव्हा गवंडीदादांची कन्या काही जगावेगळे करीत नाही.

परदेशचे दाखले पुरे. आपल्या महाराष्ट्रात वासुदेव गायतोंडे होऊन गेले. 1924 साली नागपूरला जन्म, कुटुंब मूळचे गोव्याचे, मुंबईत गिरगावच्या चाळीत वाढले, 1948 मध्ये जे. जे. स्कूलची पदविका घेतली. पुढे त्यांनी कुंचला जवळजवळ बाजूला ठेवला. रोलरने रंग पसरवायचा, पट्टीसारख्या सुरीने तो खरवडायचा, ओल्या रंगावर फाडलेल्या कागदाचे कपटे दाबून उचलायचे, मागे जे उरेल ते पाहायचे. एका चित्राला महिनेच्या महिने लागत. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रे होत. झेन बौद्ध विचारांचे त्यांना मोठे आकर्षण होते, आणि त्यांची चित्रे पाहताना माणूस गप्प होतो तो त्यामुळेच, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. 2001 मध्ये ते गेले. दिल्लीत निजामुद्दीनला एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या भाड्याच्या खोलीत, त्यांनी वर्षानुवर्षे काढली. त्यांच्या निधनानंतर 2013 मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला सुमारे 23 कोटी 70 लाख रुपये आले. हा आकडा मी मुद्दाम देतो, कारण आकडा ऐकल्याशिवाय आपल्याकडे बाप चहाचा कप खाली ठेवीत नाही. पण त्यातले किती चित्रकाराच्या हयातीत त्याच्या खोलीत आले, हाही हिशेब आमच्यासारख्या कारकुनाने मांडायला हवा.

दुसरे प्रभाकर बरवे. 1936 साली अलिबागजवळच्या नागावला जन्मले, 1995 मध्ये गेले. विणकर सेवा केंद्रात त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली. कॅनव्हासवर ते इनॅमल रंग वापरीत, म्हणजे दारे-खिडक्यांना आपण लावतो तोच डब्यातला चकचकीत रंग. नोकरी सांभाळून, बाजारातला रंग घेऊन माणूस कोठवर जातो ह्याचे ते उदाहरण आहे. त्यांचे 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठीतच आहे, वाचनालयात मागून पाहावे.

आणि आजची आपली मुले? सावी सावरकर ह्यांचे नाव वाचकांना नवीन नसावे. त्यांच्यानंतरच्या पिढीत प्रभाकर कांबळे ह्यांनी 'उतरंड' ह्या नावाने मातीच्या मडक्यांची रचना केली. एकावर एक मडके, वरचे खालच्यावर भार टाकून बसलेले. जातीच्या उतरंडीविषयी आपण व्याख्याने ऐकतो, ती इथे स्वयंपाकघरातल्या वस्तूने उभी राहिली. पुण्याच्या राज्यश्री गुडी ह्यांनी मनुस्मृतीच्या प्रतींची पाने भिजवून त्यांचा लगदा केला आणि त्या लगद्यातून वस्तू घडवल्या. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जे झाले ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. इथे साहित्य हेच सांगणे आहे. त्याच कल्पनेचे रंगपेटीतल्या रंगांनी चित्र काढले असते तर ते पोस्टर झाले असते.

बाबासाहेबांनीसुद्धा कामाच्या धबडग्यातून वेळ काढून व्हायोलिन आणि चित्रकला शिकायला घेतली होती. ज्यांच्या टेबलावर देशाची घटना होती त्यांना हाती कुंचला धरणे वेळेचा अपव्यय वाटले नाही.

असो. मी चित्रकार नाही. बी. कॉम. होऊन कारकुनी करतो आणि रविवारी समाजमंदिरात मुलांना जमवतो. शिकवणारे दुसरे आहेत. कलामहाविद्यालयात शिकणारी दोन तरुण मुले येतात, मी सतरंजी घालतो आणि वही ठेवतो. पण वही ठेवणाऱ्याला जे दिसते ते शिकवणाऱ्यालाही कधी कधी दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यात ह्या मुलांनी जे प्रयोग केले, त्यांतले दोन-तीन तपशिलाने सांगतो. घरी करून पाहता येतील असेच आहेत.

पहिला प्रयोग मातीचा. मुलांनी कृष्णाकाठची काळी माती आणली. चाळली, भिजवली, फेविकॉल थोडे घातले आणि पुठ्ठ्यावर थर दिला. दुसऱ्या दिवशी दुष्काळी रानासारख्या भेगा! काही तुकडे तर सुटून खाली पडले. मुले हिरमुसली. शिकवणाऱ्या मुलाने विचारले, "भेगा का पडल्या?" कोणी म्हणाले ऊन लागले, कोणी म्हणाले फेविकॉल कमी पडले. तेव्हा त्याने पाच तुकडे कापायला लावले. एकात नुसती माती. दुसऱ्यात मातीत चाळलेली वाळू. तिसऱ्यात भाताचे तूस. चौथ्यात सुतळीचे बारीक कातरलेले धागे. पाचव्यात वाळू, तूस आणि धागे तिन्ही. पाणी, फेविकॉल, थराची जाडी आणि वाळवण्याची जागा पाचही तुकड्यांना सारखी.

तीन दिवसांनी पाहिले. नुसत्या मातीचा तुकडा पुन्हा फुटला. वाळूच्या तुकड्याला भेगा कमी, पण बोट फिरवले की कण सुटत होते. तुसाच्या तुकड्याला केसासारख्या बारीक भेगा. धाग्यांच्या तुकड्याला भेग पडली तरी तुकडा सुटला नाही, कारण धाग्याने दोन्ही बाजू धरून ठेवल्या होत्या. आणि पाचवा तुकडा जवळजवळ अखंड. कारण असे की, काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. वाळू आकसत नाही, त्यामुळे एकूण आकसणे कमी होते. तूस आणि धागा ओढ वाटून घेतात. शेतकऱ्याला हे माहीत आहे, विटा पाडणाऱ्याला माहीत आहे. मुलांना ते तीन दिवसांत हाताने कळले.

आणि मग त्यांना अजिंठ्याची गोष्ट सांगितली. आधी नव्हे, नंतर. अजिंठ्याच्या लेण्यांत कलावंतांनी खडकावर थेट रंग लावलेला नाही. छिन्नीने खरबरीत सोडलेल्या खडकावर त्यांनी मातीचा गिलावा दिला, त्यात दगडाची कच, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळले. त्यावर आणखी बारीक थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चित्र. तांबडा आणि पिवळा गेरू, हिरवी माती, काजळी, चुना हे रंग बहुतेक जवळपासचेच. निळ्यासाठी लागणारा लाजवर्द दगड तेवढा दूर अफगाणिस्तानातून येई. नवव्या-दहाव्या लेण्यातील सर्वांत जुनी चित्रे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. बुद्धाचे चित्र पाहून हात जोडणारे आपण, त्या चित्राखालचा चिखल कोणी मळला असेल ह्याचा विचार फारसा करीत नाही. त्याने कितीदा भेगा पडलेल्या पाहिल्या असतील! कितीदा खरवडून पुन्हा लावले असेल! पाचवा तुकडा हातात धरून ही गोष्ट ऐकणाऱ्या मुलांचे चेहरे मी पाहिले आहेत. अजिंठा सहलीला जाऊन आलेली मुलेही त्यांत होती, त्यांना तो पहिल्यांदा दिसला.

वेरुळचे तर आणखी नवल आहे. तेथील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असे राजदेव सिंह आणि सरदेसाई ह्या दोघा अभ्यासकांनी 2016 मध्ये दाखवून दिले. त्या तंतूंमुळे किडीला आळा बसला असावा. अजिंठ्यात तो तंतू नाही आणि तिथे किड्यांनी गिलावा पोखरलेला आहे. म्हणजे मधल्या काळात कोणा कारागिराला काहीतरी उमगले होते. त्याचे नाव कोठेही नाही.

अजिंठ्याचाच दुसरा धडा सावधगिरीचा. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणवले. त्यांनी पोपडे चिकटवले हे चांगले केले, पण चित्रांवर लाखेच्या वार्निशचा हात दिला. पुढे तो थर पिवळा-तपकिरी पडत गेला आणि नंतरच्यांना तो काढत बसावे लागले. मुलांना चित्र झाले की लगेच चकाकीचा हात द्यायची घाई असते, त्यांना हे सांगावे.

दुसरा प्रयोग हळदीचा. सांगलीत राहून हळदीला विसरून कसे चालेल? 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्या मुलीपासून हे सदर सुरू झाले तिने एका बाजूस भिंतीची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावली होती, दुसऱ्या बाजूस खडूची भुकटी आणि फेविकॉल ह्यांचे घट्ट मिश्रण. दोन्हींवर तिने हळदीचे पाणी फिरवले. खडूच्या बाजूला पिवळे राहिले आणि पुट्टीच्या बाजूला बघता बघता विटकरी तांबडे झाले. तिला वाटले ब्रश खराब होता. ब्रश धुऊन पुन्हा लावले, तरी तांबडे. मग तिची आजी म्हणाली, "अगं, हळदीला चुना लागला की कुंकू हुतंय!" आजीचे बरोबर होते. पांढऱ्या सिमेंटमध्ये चुन्यासारखा क्षार असतो आणि क्षाराने हळद तांबडी होते. शाळेच्या प्रयोगशाळेत हळदीच्या कागदाने हीच परीक्षा घेतात. पण आठवीत पाठ केलेले उत्तर दहावीत पुट्टीवर भेटले तेव्हा कोठे ते तिचे झाले.

येथे तिला थांबवून आणखी एक प्रयोग करायला लावला. हळदीच्या पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून ती खिडकीत उन्हाला ठेवली. आठ दिवसांनी उघडा भाग फिक्कट झालेला, झाकलेला जसाच्या तसा. हळद उन्हात उडते. गेरू मात्र त्याच खिडकीत होता तसा राहिला, कारण तो दगड-मातीचा रंग आहे. ज्याला आपले चित्र नातवाने पाहावे असे वाटते त्याने काय वापरावे, हे निराळे सांगावे लागले नाही.

आता घरी करणाऱ्यांसाठी थोड्या कामाच्या गोष्टी. साधा कागद जाड थराला नालायक, तो ओला झाला की गुंडाळतो. जुना हार्डबोर्ड किंवा दुकानातल्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्यावा आणि दोन्ही बाजूंना पाणी घातलेल्या फेविकॉलचा हात द्यावा. एकाच बाजूस दिला तर तो वाकतो. जाड थर एकदम देऊ नये, वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि मग तडकतो. दोन-तीन पातळ थर, मध्ये पुरते वाळू द्यावे. पुट्टीत थोडे फेविकॉल घातले की ती पुठ्ठ्यावरून कमी सुटते. प्लॅस्टर ऑफ पॅरिस वापरायचे तर लागेल तेवढेच कालवावे, काही मिनिटांत दगड होते आणि पाणी घालून पुन्हा जिवंत होत नाही. पाण्यात विरघळणाऱ्या रंगांवर तेलरंग चालतो, तेलरंगावर पाण्याचा रंग धरत नाही. हत्यारे म्हणाल तर तुटका कंगवा, हॅक्सॉचे जुने पाते, भांडी घासायची काथ्याची घासणी, बांगडी, चहाची गाळणी. थर वाळल्यावर पातळ रंग फिरवला की तो खोलगटात जाऊन बसतो, आणि कोरड्या ब्रशावर अगदी थोडा घट्ट रंग घेऊन वरवर ओढला की फक्त उंचवट्यांना लागतो. एवढ्या दोन युक्त्यांवर अर्धे काम होते. पाहताना दिवा समोर न धरता बाजूने धरावा.

मैद्याच्या खळीने चिकटवाल तर पावसाळ्यात बुरशी आणि झुरळे ठरलेली. बुकबायंडर लोक खळीत मोरचूद घालतात, पण ते विष आहे, लहान मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. तसेच चुना आणि सिमेंट उघड्या हाताने कालवू नये. वाळलेली पुट्टी पॉलिशपेपरने घासताना नाकातोंडाला रुमाल हवाच. आपल्या घरात गवंडीकाम, रंगकाम करणारे पुरुष हे पाळत नाहीत. पोरांच्या निमित्ताने त्यांनीही पाळावे, ही वहिनींना विनंती.

आणि वही! ह्या वहीवर माझा जीव आहे. प्रत्येक तुकड्याच्या मागे आकडा टाकायचा, वहीत तारीख, काय किती चमचे घातले, ऊन की सावली, काय झाले, हे लिहायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशामुळे काय झाले ते कळत नाही, आणि मग तो प्रयोग राहत नाही, नुसता राडा होतो. काही मंडळी म्हणतात, "कलेत कसला आलाय हिशेब? मुलांना मोकळे सोडा." हे मला पटत नाही. ज्यांच्या घरात रंगाच्या नळ्या खोक्याने येतात त्यांच्या मुलांना हवे तेवढे मोकळे सोडावे. आपल्या मुलाला फेविकॉलचा डबा महिन्याला एकच मिळतो. फसलेला तुकडा त्याच्यासाठी खर्ची पडलेला माल आहे, त्यातून काय जमा झाले हे त्याला दाखवता आले पाहिजे. बिघडण्याची भीती ही गरिबाच्या मुलाच्या हातात असते. कागद बिघडला तर दुसरा नाही, म्हणून तो रेघ ओढताना श्वास धरतो. वहीत "क्रमांक 1 फुटला" असे लिहिले की ती भीती थोडी उतरते, कारण आता तो बिघडलेला कागद राहत नाही, क्रमांक 1 होतो.

ह्या सगळ्याचे पुढे काय, हे गवंडीदादांनी विचारले आणि ते विचारणे योग्य आहे. सगळीच मुले चित्रकार होणार नाहीत. सांगलीत चित्रे विकून घर चालवणे आजही कठीण आहे, कोणी सोपे सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. पण वाटा आहेत. दहावी-बारावीनंतर कलाशिक्षक पदविका, पायाभूत अभ्यासक्रम, पुढे पदवीसाठी प्रवेश परीक्षा. सांगलीत कलाविश्व महाविद्यालय आहे, कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज आहे, मुंबईचे जे. जे. तर 1857 पासून आहे. आपल्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्यासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला दहावीच्या निकालाआधीच काढून ठेवावा. जून-जुलैत तहसील कचेरीसमोर रांगेत उभे राहून रडणारे पालक मी दरवर्षी पाहतो. आणि ज्यांना कॉलेजात जायचे नाही, पण घरचा रंगकामाचा धंदा पुढे न्यायचा आहे, त्या पोरांनाही ही वही उपयोगाची आहे. ठेकेदार सांगेल तो रोलर फिरवणारा रोजंदारीवर राहतो. नमुन्याचे दहा तुकडे पिशवीत घेऊन घरमालकाशी स्वतः बोलणारा भाव ठरवतो.

औंधला, खटाव तालुक्यात, श्री भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी 1938 मध्ये उभारलेले. एस.टी.ने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. तिथे राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, आणि इंग्लंडच्या हेन्री मूरचे माता-बालकाचे शिल्पही आहे. मुलांना न्यावे. रविवर्म्याच्या चित्रातले रेशीम जवळून पाहायला सांगावे. दुरून ज्याला आपण रेशमाचा पोत म्हणतो, तो जवळ गेल्यावर रंगाचा सपाट थर असतो. आणि मग समाजमंदिरातला बारदानाचा तुकडा आठवायला सांगावा. दोन्ही करता आले तर उत्तमच.

शेवटी एक व्यवस्थेची बाब. कृष्णेचे पाणी 2005, 2019 आणि 2021 मध्ये आपल्या घरांत शिरले. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. त्या पाण्यात आपल्या मुलांच्या किती वह्या-चित्रे गेली त्याची कोणी नोंद ठेवली नाही. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलांचे तुकडे आणि वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवाव्यात. ज्यांच्या घराला माळा नाही त्यांनी समाजमंदिरात आणून द्यावे, वरच्या मजल्यावर लोखंडी कपाट मोकळे केले आहे. पिशवीवर मुलाचे नाव आणि तुकड्यांचे क्रमांक लिहावेत. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता वर्ग आहे. गवंडीदादांनी चाळणी आणि अर्धे घमेले वाळू देण्याचे कबूल केले आहे, तूस कोणाकडे असेल तर घेऊन यावे.